चौथी शिफारस

"तोंडी परीक्षा झाली की रिपोर्ट काखेत मारायचा आणि सरळ घरी जायचं. म्हाताऱ्याकडे प्रत ठेवायची नाही." दोना ओतीलिया हे मला म्हणाल्या तेव्हा त्यांचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर होतं, आणि माझं तर त्यांच्याकडे अजिबातच नव्हतं. पोर्तोच्या विद्यापीठातल्या इंटर्नशिप कचेरीत त्या वर्षानुवर्षं बसत. कुठल्या कंपनीत मुलांना नुसती कॉफी आणायला पिटाळतात, कुठला साहेब मुलींच्या खुर्चीमागे जरा जास्तच वेळ उभा राहतो, हे सगळं त्यांना पाठ होतं, आणि पेन्सिलीच्या टोकानं कान खाजवत त्या ते हवापाणी सांगावं तसं सांगत. माझ्या कडेवर सिमाँव होता. त्याला दात येत होते. माझा खांदा लाळेनं भिजून गार पडला होता आणि मी हसले, कारण मला एवढंच ऐकू आलं होतं की जागा मिळाली. पोट दिसायला लागलं तेव्हा मी कॉलेज सोडलं होतं. सगळे विषय सुटलेले, फक्त इंटर्नशिप राहिलेली, आणि तिची बारा क्रेडिट नाहीत म्हणून पदवी नाही. म्हणजे आधीची सगळी वर्षं नुसती पायपीट. परत आले तेव्हा जिथे जिथे जागेसाठी भेटायला गेले तिथे बोलणं छान रंगायचं, आणि शेवटी कोणीतरी हळूच विचारायचं की बाळाला कोण सांभाळतं. मग 'कळवतो.' एका आबिलियु शिंप्यानं तेवढं दोना ओतीलियांना फोनवर सांगितलं होतं की आण म्हणावं त्यालाही, दुकानात जागा आहे. अशा माणसाबद्दल कोणी काही बजावत असेल तर ते ऐकून घ्यायला मन जागेवर असावं लागतं. माझं नव्हतं.

आज सकाळी फोन आला तेव्हा मी त्याच सिमाँवच्या पाठीवर कापसाच्या बोळ्यानं गुलाबी औषध टिपत होते. कांजिण्या. तो आता चालतो, पळतो, आणि खाजवू नको म्हटलं की डोळ्यात डोळे घालून खाजवतो. खिडकीबाहेर फुंशालचं, आता आम्ही राहतो त्या बेटावरचं बंदर, आणि वारा इतका की विमानं धावपट्टीपर्यंत नुसती येऊन परत फिरत होती. मुख्य भूमीवरून आलेली माणसं तशीच परत चालली होती. फोनवर एक मुलगी होती. नाव मिकाएला. म्हणाली, कॉलेजच्या यादीतून तुमचा नंबर मिळाला, मागच्या वर्षी झग्यांच्या दुकानात तुम्हीच होता ना? मी हो म्हटलं. मला वाटलं ती तिथूनच बोलतेय, मागे कुठेतरी आबिलियु आहेत, आता फोन त्यांच्या हातात जाईल, आणि माझा चेहरा मूर्खासारखा आधीच हसायला लागला. पण ती म्हणाली की तिलाही तिथेच पाठवलंय आणि ती कधीही गेली तरी शटर खाली असतं. पत्रपेटीत जाहिराती कोंबून बाहेर आल्यात. फोन कोणी उचलत नाही. कॉलेजवाले म्हणतात दुसरी जागा शोध, पण आता सत्राच्या मध्यात कोण घेणार. तिचा आवाज चांगला होता, घाबरलेला आणि चुणचुणीत, माझा असायचा तसा. मग ती मुद्द्यावर आली. तुमचा रिपोर्ट मला पाठवाल का? दुकान तेच, म्हणजे आकडेही तेच असणार, मी माझ्या शब्दांत लिहीन. फक्त शेवटी मालकाची सही लागते, ती कशी मिळवायची तेवढं सांगा. मला राग आला नाही. तिच्या जागी मीही हेच विचारलं असतं. मी फक्त म्हटलं, "आणि त्यांचं काय झालं असेल?"

"कोणाचं?" ती म्हणाली.

हा प्रश्न माझ्या कानात तसाच राहिलाय. मी तिला सांगितलं की शोधून पाठवते, आणि फोन ठेवला. औषधाचा बोळा हातात वाळून कडक झाला होता. सिमाँव उघड्या पाठीनं फरशीवर बसून कपाटाच्या दाराशी खेळत होता. उघड, मीट, उघड, मीट. मला त्याचा राग यावा असं काही तो करत नव्हता आणि तरी आला.

दुकानात पहिल्या दिवशी मला काहीच उमगलं नाही. जुन्या बाजाराच्या मागच्या चढावरचं अरुंद दुकान, बाहेरच्या ग्रॅनाइटला कायमची ओल. आत कॉलेजच्या मुलांनी कपड्यांवरून पांघरायचे काळे लोकरी झगे टांगलेले, खांद्यापासून घोट्यापर्यंत, एकाला एक लागून, दिवे मालवल्यावर गर्दी उभी असल्यासारखे. पण दिवे मालवलेले नसतच. छताला दवाखान्यासारख्या पांढऱ्या दिव्यांच्या नळ्या होत्या आणि त्या उजेडात शिवणीतली प्रत्येक चूक आणि आबिलियुंच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसे. बाहेर फळ्यावर इंग्रजीत खडूनं काहीतरी लिहिलेलं. काउंटर नव्हता, त्याच्या जागी मधोमध एक गोल, बुटकं टेबल, ज्यावर कापड पसरून कापता येत नसे, म्हणून ते मागे जमिनीवर ओणवे होऊन कापत. आणि गिऱ्हाईक आलं की ते त्याचं नाव विचारत आणि मग ते नाव इतक्यांदा उच्चारत की समोरचा बिचारा अस्वस्थ होई. मलाही तेच: बस तेल्मा, थंडी आहे तेल्मा, बाळाला इकडे दे तेल्मा. मला वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यात थोडा गोंधळ आहे. मग हळूहळू, एकेक करून, कळत गेलं. नळ्या एका मुलाच्या रिपोर्टात होत्या: दुकानात अंधार आहे, माल उठून दिसत नाही. त्यांनी वडिलांच्या वेळची पितळी झुंबरं उतरवली. काउंटर गिऱ्हाइकात आणि मालात भिंत उभी करतो, असं पुढच्या वर्षीच्या मुलीनं लिहिलं होतं. महोगनीचा काउंटर गेला. फळा तिसऱ्याचा. नाव घेऊन बोलावं, त्यानं जवळीक वाढते, हे आणखी कोणाचं. कॉलेजनं इंटर्नशिप सुरू केली तेव्हापासून दर वर्षी त्यांच्याकडे एक विद्यार्थी येई, दर वर्षी एक रिपोर्ट होई, आणि रिपोर्टाच्या शेवटी ज्या शिफारशी असतात, ज्या आपण लिहितो कारण त्या जागी काहीतरी लिहावंच लागतं, त्या ते पाळत. सगळ्या, क्रमानं. ते दुकान म्हणजे आमच्या गृहपाठांचा थर होता, एकावर एक साचलेला, आणि त्याखाली कुठेतरी एक शिंपी होता.

मी एकदा त्यांना विचारलं की ह्यातल्या कशानं विक्री वाढली का. ते तोंडात टाचण्या धरून होते. टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या आणि मग म्हणाले की त्यांना कळत नाही. विक्री कमी झाली होती खरी, पण कदाचित आणखी कमी झाली असती. तुम्ही मुलं इतकी वर्षं शिकता, मी फक्त कापतो. ह्यात टोमणा नव्हता. मी टोमणा शोधला, कारण मला टोमणे लगेच कळतात, माझी सासू त्या कामात तरबेज आहे. पण तो नव्हता. ते खरंच मानत.

आणि मी त्या दुकानात सुखी होते, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. मला घरात भीती वाटायची. सिमाँव झोपला की मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसे. दुकानात तर भीती वाटण्यासारखं सगळंच होतं, कात्र्या, इस्त्री, जमिनीवर सांडलेल्या टाचण्या. पहिल्याच दिवशी मी त्याला खाली सोडेना. दुसऱ्या दिवशी येऊन पाहिलं तर आबिलियु एक मोठं लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या दुकानातून फिरवत होते, कुत्र्याला फिरवावं तसं, कोपऱ्याकोपऱ्यातून, टेबलाखालून, झग्यांच्या घोळाखालून. चुंबकाला टाचण्यांची दाढी आली होती. ती त्यांनी मला दाखवली आणि म्हणाले, आता सोड. मी सोडलं. दुपारी आम्ही मागच्या खोलीत कोबीचं सूप आणि मक्याचा पाव खायचो, ते पावाचा मऊ गर सिमाँवला देत आणि कडक कवच स्वतः चघळत, आणि मी हिशेबाची जुळवाजुळव करत बसे, आणि कधीकधी मला वाटे की ही बारा क्रेडिट कधीच पुरी होऊ नयेत.

मागच्या खोलीत पडद्याआड एक झगा एकटा टांगलेला असे. विकायचा नव्हता हे दिसत होतं, वापरलेला होता. एकदा सिमाँवनं पडदा ओढला आणि मी त्याला सोडवायला गेले तेव्हा तो झगा माझ्या तोंडावर आला. आमच्याकडे झगा धुवायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाऊस, बिअर, कुणाच्या तरी गळ्यात पडून रडणं, सगळं त्यात मुरतं आणि ते मुरलेलं म्हणजेच कॉलेज. धुतला की ती वर्षं गेली. मी पोटुशी राहिले आणि झगा घालायचं राहूनच गेलं, तरी मलाही हे ठाऊक होतं. ओली लोकर, सिगारेट, नदीकाठच्या रात्रीचा कुबट वास, आणि ह्या सगळ्याच्या खूप खाली, इतकं खाली की ते आहे की आपल्याला वाटतं तेच कळू नये, कुणाचे तरी केस. मी श्वास सोडेना. मागे आबिलियु उभे होते.

तो झगा त्यांच्या लेकीचा, सेलेश्तेचा. माझ्याच कॉलेजची, माझ्याच विभागाची. मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेली होती, येताना रस्त्यात गाडी उलटली. त्यांनी एवढंच सांगितलं, आणि झग्याचा घोळ हातात घेऊन मला दाखवला. शेवटच्या वर्षाला घोळ फाडतात आमच्याकडे. एका बाजूला मित्र एकेक चीर पाडतात, दुसऱ्या बाजूला घरची माणसं, आणि मग त्या चिरा विभागाच्या रंगाच्या दोऱ्यानं शिवून घेतात. सेलेश्तेच्या मैत्रिणींना घाई होती, त्यांनी आधीच फाडून टाकलं होतं. ती बाजू लाल-पांढऱ्या टाक्यांनी भरली होती. घरच्यांची बाजू अख्खी. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा. मग म्हणाले,

"मी रोज नाही घेत वास. संपेल म्हणून."

मी सिमाँवच्या मुठीतून पडदा सोडवला. त्या दिवशी घरी गेल्यावर मी त्याचा आदल्या दिवसाचा सदरा धुवायच्या ढिगातून काढला आणि कपाटात तसाच ठेवला, आणि नेल्सननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, दोन दिवसांनी तो शोधून काढून विचारलं की कपाटात काय सडतंय.

रिपोर्ट मी सिमाँव दुपारचा झोपायचा तेव्हा लिहिला, स्वयंपाकघराच्या टेबलावर, बाजूला बाटल्या उकळत. प्राध्यापकांनी सांगितलं होतं की निदान चार शिफारशी हव्यात, त्यातली एक तरी धाडसी. तीन लगेच झाल्या. टेबलाची उंची वाढवा, इंग्रजी फळा काढा, नळ्या काढा. मला वाटलं होतं की मी त्यांना त्यांचं दुकान परत देतेय. पण धाडसी सुचेना. मी झग्यांचा विचार करत बसले आणि मला आठवला तो वास, म्हणजे सेलेश्तेचा नाही, दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या झग्यांचा, ज्यांच्या खालून सिमाँव रांगत जायचा आणि मी ज्यांना मनातल्या मनात रोज साबणाच्या पाण्यात बुडवायची. आईच्या डोक्यात जंतू असतात, दुसरं काही नसतं. मी लिहिलं: नवा झगा सगळ्यांना परवडत नाही; जुने झगे गोळा करून, व्यावसायिकरीत्या स्वच्छ करून, भाड्यानं द्यावेत; शिफारस चौथी. वाक्य छान उतरलं. मी ते पुन्हा वाचलं आणि मला माझंच कौतुक वाटलं, आणि बाटल्यांचं पाणी आटून करपल्याचा वास आला. ते लिहिताना पडद्याआडचा झगा माझ्या डोळ्यांसमोर नव्हता. खरंच नव्हता. तो ह्या वाक्याच्या बाहेरचा होता, जसं स्मशान गावाच्या नकाशात असतं आणि घरांच्या भावात नसतं. मी काही चूक केली असं मला म्हणायचं नाही. रिपोर्टात काय लिहितात ते मी लिहिलं. आणि तो वाचतं कोण? प्राध्यापक शेवटचं पान वाचतात, आणि मग तो तळघरात जातो.

तोंडी परीक्षेला मालकाला बोलवायची पद्धत आहे. येत कोणी नाही. आबिलियु आले. स्वतः शिवलेला, बहुधा सेलेश्तेच्या अंत्यविधीला शिवलेला सूट. टायची गाठ इतकी घट्ट की मान लाल झाली होती. मागच्या रांगेत नेल्सनच्या शेजारी बसले आणि सिमाँव रडायला लागला तेव्हा त्यांनीच त्याला बाहेर नेलं, आणि चौथ्या शिफारशीच्या वेळी परत आणलं. प्राध्यापकांनी विचारलं की परंपरेचं काय, झगा धुवायचा नसतो असं मानणारं गिऱ्हाईक तुम्ही कसं वळवणार? ह्याचं उत्तर मी पाठ करून गेले होते. मी म्हटलं की परंपरा म्हणजे गिऱ्हाइकाची सवय, आणि सवय बदलायला कोणीतरी सुरुवात करावी लागते. तिन्ही परीक्षकांनी माना डोलावल्या. मी सहज मागच्या रांगेकडे पाहिलं. आबिलियुही मान डोलावत होते, सावकाश, वर्गात लक्ष देणाऱ्या मुलासारखे.

वीसपैकी सतरा. बारा क्रेडिट. बाहेर व्हरांड्यात त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "आता तुम्ही डॉक्टर." आमच्याकडे साध्या पदवीलाही तसंच म्हणतात, त्यात काही विशेष नाही, पण सकाळपर्यंत मी त्यांची 'पोरी' होते आणि तू होते. मग त्यांनी प्रत मागितली. नुसती मागितली नाही, म्हणाले की त्यांनी आत्तापर्यंतच्या सगळ्या ठेवल्यात. दोना ओतीलिया समोरच्या दारातून बाहेर येत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या प्रतीकडे पाहिलं, आणि पेन्सिल केसांत खोचून जिना उतरल्या. मी प्रत दिली. कशी नाही देणार? ज्यानं मुलासाठी सगळ्या दुकानातून चुंबक फिरवलं त्याला कागद नाही म्हणायचं? वर मी पहिल्या पानावर सही करून दिली.

मग नेल्सनला इथल्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम मिळालं आणि आम्ही बेटावर आलो. मी दर रविवारी त्यांना फोन करायची. टेबल उंच झालं. ते ओणवे होत नाहीत आता, पाठ सुटली, मला खूप बरं वाटलं. फळा गेला. नळ्या गेल्या, पण झुंबरं विकली होती, म्हणून त्यांनी घरातला पिवळा दिवा आणून लावला. प्रत्येक वेळी ते आकडा सांगत, पहिली झाली, दुसरी झाली, आणि मी हसत हसत म्हणायची की इतकं मनावर घेऊ नका. आवाजात कौतुक असायचं. कोणीतरी आपलं लिहिलेलं जगात उभं करतंय ह्याचं सुख असतं, ते नाकारून काय उपयोग. चौथीची मला आठवणच नव्हती. नाताळच्या आधी एका रविवारी ते म्हणाले,

"चौथीचं काम सुरू केलं, डॉक्टरीणबाई. दुसऱ्यांचे झगे कुठे मागत फिरू, म्हणून घरात होता त्यापासूनच सुरुवात केली."

मी विचारलं, कुठला. कळलं होतं तरी विचारलं.

"लाँड्रीवाल्यानं छान केला. दोनदा टाकला त्यानं. वास म्हणून राहिला नाही. तुमचं बरोबर होतं."

त्याच वेळी मागे सिमाँव खुर्चीवरून पडला. मोठा आवाज झाला, मग ती भयंकर शांतता, पोरं रडायच्या आधी श्वास घेतात ती, आणि मी फोन कानाला तसाच धरून त्याच्याकडे धावत म्हटलं, "छान झालं." सिमाँव रडायला लागला. त्या गोंधळात पलीकडून आवाज आला की नाही, नक्की सांगता येणार नाही. मला वाटतं ते म्हणाले, हो, छान झालं.

पुढच्या रविवारी मी विचारलं, नेला का कोणी भाड्यानं. ते म्हणाले, नाही, लहान आहे मापानं. मी बेटावरच्या केळ्यांबद्दल बोलले. त्यांनी बाळाला लागलं होतं का विचारलं. मग नाताळ, पाहुणे, सासू. सासू आली की रविवार तिच्या ताब्यात जातो. जानेवारीत मी फोन केला तेव्हा तो वाजत राहिला. पुन्हा केला, वाजत राहिला. मला वाटलं त्यांना माझ्याशी बोलायचं नसेल. खरं सांगायचं तर, मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांना माझा राग आला असेल तर बरंच आहे, असं मी स्वतःला समजावत होते. रागावलेला माणूस जेवतो, झोपतो, शेजाऱ्याकडे तक्रार करतो. पण मला माहीत होतं की त्यांना राग येत नाही. आज त्या मुलीनं पत्रपेटीतल्या जाहिरातींबद्दल सांगितलं, तेव्हापासून मी त्यांना रागावलेलं कल्पून पाहतेय आणि ते चित्र उभंच राहत नाही. त्याच्या जागी मला ते दुकानावरच्या त्यांच्या घरात बसलेले दिसतात, हातात काहीच नाही, नाकाशी आणावं असं काहीच नाही.

नेल्सन दुपारी जेवायला आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, माणसं दुकानं बंद करतात, तेल्मा. म्हातारी माणसं भावाकडे जातात, पुतण्याकडे जातात. मी म्हटलं, त्यांना भाऊ नाही. तो मासा चिरत होता, सुरी थांबवली नाही. "मग तू कोण? त्यांची लेक का?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला वाटलं तो माझं ओझं उतरवतोय. मी उठून सिमाँवचा ताप बघायला गेले, ताप नव्हता, तरी हात कपाळावर ठेवून बसले.

मी पोर्तोच्या पोलिसांना फोन केला. हवालदार सभ्य होता. नातेवाईक आहात का? नाही. मग तुमचं नातं काय? मी म्हटलं की मी त्यांच्याकडे इंटर्न होते. तो थांबला, बहुधा हसू आवरत असावा, आणि म्हणाला की बाई, शटर खाली असणं हा गुन्हा नाही, पण नोंद करून ठेवतो. समोरच्या कॅफेला फोन केला. तिथले जुने मालक गेले, आता एक परदेशी मुलगी आहे, तिला वाटत होतं की ते दुकान पहिल्यापासून बंदच आहे. कॉलेजला केला, दोना ओतीलिया निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी मशीन बोलतं. मिकाएलालाच पुन्हा फोन करून म्हणणार होते की जिन्याचं दार बाजूला आहे, वर जाऊन बघ. केलाही. तिनं उचलला, आणि मी काही बोलायच्या आत उत्साहानं सांगितलं की तिला दुसरी जागा मिळाली, विमा कंपनीत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आजच बोलावलंय, आता रिपोर्टची गरज नाही, थँक यू. मी अभिनंदन केलं. मनापासून केलं, ही बारा क्रेडिट काय असतात ते मला ठाऊक आहे. मग जिन्याच्या दाराचं सांगितलं. ती हो हो म्हणाली, जमलं तर जाते म्हणाली. मीही असंच म्हटलं असतं.

मी जाऊ शकत नाही. कांजिण्यांच्या मुलाला विमानात घेत नाहीत, त्याला सोडून जायला माझे पाय निघत नाहीत, आणि वारा थांबायचं नाव घेत नाही. आता संध्याकाळ झालीय. खाली बंदरावर दिवे लागलेत, सिमाँव माझ्या मांडीवर अंग खाजवत खाजवत पेंगतोय, आणि एका हातानं मी हे लिहितेय. तुम्ही पोर्तोत असाल, किंवा तुमचं कोणी तिथे असेल, तर एवढं करा. जुन्या बाजाराच्या मागच्या चढावर औषधांचं दुकान ओलांडलं की डाव्या हाताला हिरवं, रंग उडालेलं शटर. तिथे ठोकू नका. त्याच्या बाजूला अरुंद दार आहे, वरची घंटा त्यांची. दाबून धरा. कोण आहे विचारलं तर तब्येतीची चौकशी करायला आलो असं म्हणू नका, ते 'बरं आहे' म्हणून तुम्हाला परत पाठवतील. पॅंटची शिवण उसवलीय म्हणा, कोटाचं बटण तुटलंय म्हणा, काहीही म्हणा ज्याला सुई लागते. दार उघडलं तर त्यांनी दाढी केलीय का बघा, आणि वरून काही शिजल्याचा वास येतोय का. आणि एकदा घंटा वाजवून निघून जाऊ नका. घर वरच्या मजल्यावर आहे, जिना उभा आहे, आणि त्यांना उतरायला खूप वेळ लागतो.